फाळक्याकडची जागा

अहो, काल मंडळाचे चिटणीस येऊन गेले. लखनौतल्या मराठी माणसांच्या वार्षिक अंकात तुमचा फोटो आणि त्याखाली चार ओळी छापायच्या म्हणत होते. "वहिनी, जन्मगाव, हवाई दलातली वर्षं, बदल्या, एवढं लिहून द्या." दिलं एका चिठ्ठीवर. लिहून झाल्यावर वाचलं, तर पॅराशूट विभागातल्या कुठल्याही माणसाला ती चिठ्ठी चालली असती. सुईत दोरा ओवताना तुमची जीभ बाहेर येते हे तिच्यात नव्हतं. आपलं भांडण अर्धं राहिलंय हेही नव्हतं. म्हणून हे वेगळं लिहायला बसले आहे. छापायचं की नाही ते मागाहून बघू.

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. गाडी दारातच उभी आहे. भेटायला जो जो आला त्यानं आधी गाडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. बरोबरच आहे त्यांचं. इंदिरा नगरच्या आपल्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे पिकअप नाही, आणि पिकअपच्या पाठीवर हिरव्या कॅनव्हासचा तंबू तर अख्ख्या लखनौत नसेल. शेजारचे तिवारीजी तेराव्याला पानावरून उठल्यावर हात जोडून मला म्हणाले, "भाभीजी, बुरा मत मानिएगा, भाईसाहब का तंबू पूरा हो गया था क्या?" मी म्हटलं, नाही, एक बाजू राहिली. कुठली, ते सांगितलं नाही. मागची, फाळक्याकडची, म्हणजे गाडीच्या खाली पडणाऱ्या मागच्या फळीकडची. माझी.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा आपण कराडला परतणार होतो. ट्रंका भरून झाल्या होत्या, त्यांच्यावर तुम्ही पांढऱ्या रंगानं गावाचं नाव घातलं होतं. निघायला आठ दिवस होते आणि सासूबाई मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ते पुन्हा कधी धड जुळलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोन महिने हलवू नका. त्या दोन महिन्यांची सात वर्षं झाली. तुम्ही अमौसीच्या विमानतळावर माल पोचवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरलीत. भरलेल्या ट्रंका मी उघडल्याच नाहीत. एक मोठी आणि एक छोटी, शेजारी लावून वर गादी टाकली आणि सासूबाईंच्या खाटेच्या पायथ्याशी माझा दिवाण झाला, हाक आली की लगेच उठता यावं म्हणून.

सात वर्षांत या घराला बाहेरून कुलूप लागलं नाही. तुम्ही बाहेर तर मी घरात, मी बाहेर तर तुम्ही घरात. आपल्या नीलेशच्या कॉलेजच्या समारंभाला तुम्ही गेलात, मी फोटो पाहिले. माझ्या भाचीच्या लग्नाला मी एकटी गेले आणि प्रत्येकाला "हे का आले नाहीत" ते सांगत हिंडले. आपण दोघं एका रिक्षात बसलो नाही. अमीनाबादच्या बाजारात चिकनकारीचा कुर्ता घ्यायला बरोबर जाऊ, असं तुम्ही दर दिवाळीला म्हणायचात. मी हो म्हणायचे. मग तुम्ही एकटेच जाऊन माझ्या मापाचा नसलेला कुर्ता घेऊन यायचात.

मी तक्रार कधी केली नाही असं म्हणणार नाही. खूप केली. पण एकदा तक्रार म्हणून नव्हे, अगदी मनापासून बोलले होते. डाळ निवडत होते, तुम्ही समोर बसला होतात. मी म्हटलं, "मला एकदा कुठंतरी जाऊन झोपायचंय, जिथं हाक येणार नाही." तुम्ही मान डोलावलीत. पंधरा दिवसांनी एका रविवारी दारात हॉर्न वाजला. बघते तर कंपनीनं मोडीत काढलेली पिकअप घेऊन तुम्ही उभे. तोंडभर हसत म्हणालात, "अगं, आता आईला घेऊन कुठंही जाता येईल!"

मी हसले तेव्हा. काय करणार? मला हाक नको होती, आणि तुम्ही हाकेलाच चाकं लावून आणलीत. आत जाऊन चहा टाकला आणि साखर घालायची मुद्दाम विसरले. तुम्ही तो तसाच प्यायलात. तुमचं लक्षच नव्हतं.

आता एकवीस दिवस तुमच्या बाजूनं विचार करायला भरपूर वेळ मिळालाय. आईला कुणाकडे ठेवणार होतात? सगळे निघतील आणि मागं कुणी राहणार नाही, असा तुमचा हिशेब होता. तुम्ही भला विचार केलात. पण मला आधी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग घराचा कारखाना झाला. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून तुम्ही गाडीच्या पाठीचा नमुना कापलात. वायरिंगच्या लोखंडी नळ्या वाकवून कमानी केल्यात. वहीत रोज नवं चित्र. सासूबाईंची खाट डावीकडे, केबिनला डोकं करून. उजवीकडे कमोडची खुर्ची, पाण्याचा ड्रम, स्टोव्ह, अंथरुणं. तुम्ही स्वतः पुढं केबिनमध्ये सीटवर झोपणार. खाटेचं माप तुम्ही तीनदा घेतलंत, स्टोव्हचं दोनदा. मी विचारलं, "आणि मी?" पेन्सिल तोंडात धरून तुम्ही म्हणालात, "तू काय, कुठंही मावशील."

प्रेमानंच म्हणालात. मला ठाऊक आहे. पण ते वाक्य माझ्या मनात रुतलं ते रुतलंच. अठ्ठावीस वर्षं मी तेच करत आले होते. बदलीच्या प्रत्येक क्वार्टरमध्ये सगळं सामान लागल्यावर जी जागा उरायची तिथं मी मावायचे.

माझी जागा अखेर ठरली ती मागं उजवीकडे, ड्रम आणि फाळका यांच्यामध्ये. मी म्हटलं, "मग फाळका खाली पाडा ना. साखळ्यांवर राहतो तो. दीड फूट जागा फुकट मिळते. तंबू तेवढा मागं लांबवा." तुम्ही एकदम साहेबी आवाज काढलात, "लटकत्या फळीवर माणूस झोपवत नाहीत. फाळका बंदच राहणार." हे तुमचं जन्माचं दुखणं. पॅराशूट वेळ आली की उघडलंच पाहिजे आणि तोवर कशानंही उघडता कामा नये, हे तुमच्या हाडात मुरलेलं. घरात डब्यांची झाकणंसुद्धा तुम्ही इतकी घट्ट लावायचात की मला ती तुमच्याकडूनच उघडून घ्यावी लागायची.

दुसरा वाद कापडाचा. अमीनाबादहून तुम्ही सुती कॅनव्हासचा गठ्ठा रिक्षात घालून आणलात. दुकानदारानं म्हणे तुम्हाला चहा पाजला आणि म्हणाला, "हुज़ूर, आप तो कपड़े की नब्ज़ देखते हैं." झालं, तुम्ही हवेत. मी कापड चिमटीत धरलं आणि म्हटलं, आधी भिजवून वाळवून घ्या, हे आटणार. "पॅराशूट कुणी भिजवतं का?" तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "साडीचा फॉल भिजवल्याशिवाय लावत नाहीत, शेजारच्या मुलींनासुद्धा कळतं." तुम्ही हसलात. "अगं, वीस वर्षं कापडातच काढली मी." काढली हो, पण नायलॉनमध्ये! सुती कापड पाणी प्यायल्यावर कसं वागतं हे तुम्हाला कधी बघावंच लागलं नव्हतं. तुमचे शर्टही मीच धुवायचे.

तुम्ही ते न भिजवताच तंबू शिवलात. माझ्या मशिनच्या चार सुया मोडल्यात, मग जाड सुई आणि तळहातावर चामड्याचा तुकडा बांधून हातानं टाके घातलेत. एकसारखे, बारीक, सुंदर टाके. मी राग विसरून बघत बसायचे. तुमच्यासारखे टाके मी कुणाचे पाहिले नाहीत, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

दिवाळी झाल्यावर चाचणी ठरली. कुकरैलच्या जंगलापर्यंत जायचं, एक दिवस राहायचं आणि जमलं तर पुढं डोंगराकडे. पण आधी दारातच गळतीची परीक्षा. तिवारीजी आणि त्यांच्या दोन भावांनी सासूबाईंना चादरीत धरून खाटेवर ठेवलं. मीही चढले. तुम्ही मागचा पडदा ओढून बाहेरून सगळ्या रिंगांमधून सुती दोरी ओवलीत, खालच्या हुकांना तुमच्या त्या कधी न सुटणाऱ्या गाठी मारल्यात आणि नळाची रबरी नळी हातात घेतलीत. "आतून सांग, कुठं गळतंय ते!"

गळलं थोडं. "इथं डोक्यावर, इथं कोपऱ्यात." मी सांगत होते, तुम्ही खडूनं खुणा करत होतात. मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू? मग कापड आवळायला लागलं. कमानी करकरल्या. छत खाली आलं, पडदा फळीसारखा ताठ झाला. मी म्हटलं, पुरे, उघडा आता. तुम्ही गाठीला हात घातलात आणि गाठ हलेना. दोरीही पाणी प्यायली होती. आतून तर उघडायची सोयच नव्हती. तुमच्या नकाशात आतल्या माणसाला उघडायचं कामच नव्हतं.

मी ओरडले. इतकी ओरडले की पलीकडच्या गल्लीतून माणसं आली म्हणे. "मला बाहेर काढा! मला बाहेर काढा!" आणि खाटेवरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ओरडू नकोस गं. मी सात वर्षं ओरडले का?"

तेवढ्या अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांनीही सांगितलं नसणार.

बाहेरून तिवारीजींचा आवाज येत होता, "भाईसाहब, काटिए! सोच क्या रहे हैं?" आणि तुमचा, "एक मिनट. गाँठ खुल जाएगी." अहो, त्या एका मिनिटाचा मला अजून राग आहे. बायको आत किंचाळतेय आणि तुम्हाला दोरीवर, कापडावर सुरी चालवणं जिवावर आलं. शेवटी पात्याचं टोक आत आलं, पडदा उभा फाटला आणि ऊन आत आलं. तुम्ही मला हाताला धरून खाली उतरवलंत. गाठीशी झटून तुमची दोन नखं तुटली होती. तेही मी पाहिलं होतं, पण त्या वेळी मोजलं नाही.

मग घरात येऊन मी बोलले. "तुमच्या आईला घेऊन तुम्हीच जा. मला इथंच राहू दे, इथं निदान दाराची कडी आतून आहे." तुम्ही विचारलंत, "आईला टाकून आपण गेलो असतो, तर तुला चाललं असतं?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही उठून बाहेर गेलात आणि फाटक्या पडद्याच्या घड्या घालायला लागलात. त्या "हो"वरच आपलं भांडण थांबलं आणि तिथंच राहिलं. ते खरं होतं की रागाचं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

महिन्याभरानं तुम्ही पुन्हा अमीनाबादला जाऊन नवं कापड आणलंत. मी गच्चीवर वाळवणं काढायला गेले तर दोन्ही दोऱ्यांवर हिरवं कॅनव्हास ओलंगच्च लटकलेलं, खाली पाणी ठिबकतंय. तुम्ही ते अख्खं भिजवलं होतंत. दोन दिवस ते तिथं होतं. माफी मागायची तुमची रीत तीच, हे मला कळलं. मला निदान "वाळलं का हो कापड?" एवढं तरी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. माझे कपडे मी खोलीतच वाळत घातले.

दुसरा तंबू तुम्ही गाडीवरच शिवत आणलात. पुढची बाजू झाली, दोन्ही कडा झाल्या. मग त्या दुपारी अमौसीहून तुमच्या ऑफिसमधला माणूस आला आणि दारात चप्पल काढून उभाच राहिला. सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण आलंय गं?" त्यांना मी काय सांगितलं, ते आठवत नाही. त्या म्हणाल्या ते आठवतं. "नंबर माझा होता."

नीलेश दिल्लीहून आला, सगळं नीट केलंन. गुणी मुलगा आहे आपला. जाण्याच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ बसला. मी मराठीत बोलत होते, तो नेहमीसारखा हिंदीत. "आई, गाड़ी बेच दो. चलाएगा कौन? और देखो, एक आश्रम है, मैंने पता किया है. आजी की वहाँ ठीक से देखभाल हो जाएगी. तुम मेरे पास आ जाओ. बहुत हो गया तुम्हारा."

बहुत हो गया. मुलाच्या तोंडून ते ऐकून मला रडू आलं. सात वर्षं मला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. जे मी डाळ निवडताना मागितलं होतं ते तो हातात आणून देत होता. मी म्हटलं, "आठ दिवस दे मला." तो म्हणाला, "सोचना क्या है इसमें?" तुमच्याच चालीनं म्हणाला.

तो गेल्यावर गाडी विकायची म्हणून तिच्यातलं सामान काढायला चढले. ड्रमच्या मागं तुमची वही होती. शेवटच्या पानावर खाट, खुर्ची, स्टोव्ह, सगळं पुन्हा मापून लिहिलेलं. आणि खाली एक ओळ: "सुमन, ४ फूट १ इंच. (पाय दुमडून.)"

मग आठवलं. एका रविवारी दुपारी ट्रंकांवर माझा डोळा लागला होता. टाचेला काहीतरी गार लागलं, मी पाय आखडून घेतला होता. टेपचं टोक होतं ते. म्हणजे तुम्ही माझं माप घेतलंत! मी कुठंही मावेन असं म्हणणाऱ्या माणसानं, मी झोपलेली असताना, ओणवं होऊन माझं माप घेतलं. वही छातीशी धरून मी तिथंच बसून रडले. गल्लीतले लोक बघत होते, बघू देत.

आणि रडता रडता रागही आला. अहो, जागं करून विचारायचं होतंत! मी सांगितलं असतं की मला पाय दुमडून झोपायला आवडत नाही. मी पाय दुमडते, कारण ट्रंका तेवढ्याच लांब आहेत. तुम्ही अडकलेल्या बाईचं माप घेतलंत आणि तेवढाच तंबू बेतलात.

पण त्या ओळीच्या शेवटी, वेगळ्या पेन्सिलीनं, तुम्ही आणखी एक शब्द लिहून ठेवलाय. "फाळका?"

तेवढंच. बंदच राहणार म्हणणाऱ्या तुम्ही पुढं प्रश्नचिन्ह टाकलंत. उत्तर ठरलं होतं का, मला कधी विचारणार होतात, काही कळायला मार्ग नाही. मी ते पान कितीदा पाहिलं असेल.

मग मी फाळका पाडला. साखळ्या ओढून पाहिल्या, त्यावर बसून पाहिलं, तिवारीजींनाही बसवलं. ते म्हणाले, "भाभीजी, हाथी बैठ जाए." उरलेलं कापड मागं दीड फूट वाढवून बेतलं. चामड्याचा तुकडा तळहातावर बांधला, तो मला सैल होतो. चार दिवस लागले. माझे टाके तुमच्यासारखे नाहीत, वाकडे आहेत, दुरून कळतं की इथून माणूस बदललाय. मागच्या पडद्याला रिंगा नाही लावल्या. नाड्या लावल्या, आतून सुटणाऱ्या.

काल सकाळी ऊन चांगलं होतं. तिवारीजींनी आणि भावांनी सासूबाईंना उचलून खाटेवर ठेवलं. मी घरात परत गेले आणि कुलूप शोधलं. गंजलं होतं, त्यात मशिनचं तेल सोडलं. गाडी दारातून हलणार नव्हती, चार पावलांवर घर होतं, तरी मी बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सात वर्षांनी.

आत येऊन आडवी झाले. डोकं ड्रमाशी, पाय फाळक्यावर. तळव्यांना ऊन लागत होतं. सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी मान वळवून विचारलं, "पाय लांब केलेस का गं?"

"हो."

"कर."

बस, एवढंच. मग त्याही छताकडे बघत पडून राहिल्या. नीलेशनं आश्रमाचं विचारलंय हे त्यांना माहीत आहे, भिंती पातळ आहेत आपल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मी तिथं पडल्या पडल्या ठरवलं. मी थोर वगैरे झालेले नाही. उद्या पुन्हा चिडेन, परवाही चिडेन. पण त्या फाटलेल्या तंबूत आम्ही दोघी कोंडलेल्या होतो, एकटी मी नव्हते. त्यांना तिथंच ठेवून मी एकटीच बाहेर पडणार नाही. तुमच्या प्रश्नाला मी दिलेलं ते "हो" रागाचं होतं. हे तुम्हाला सांगायचं होतं. नीलेशला आज पत्र टाकलंय, गाडी विकायची नाही. चालवणार कोण ते ठाऊक नाही. तिवारीजी म्हणतात कुकरैलपर्यंत तेच नेतील.

काल कितीतरी वेळ कुणी हाक मारली नाही. मला हवं होतं अगदी तसंच. आणि मी डोळे मिटून कान देऊन पडले होते, की आता पुढच्या सीटवरून तुम्ही काच ठोकाल आणि विचाराल, "अगं, मावलीस का?"

मावले हो. पाय पसरून मावले. तुम्ही विचारायला हवे होतात.